उडती पाटी : ड्रोनने आट्यापाट्या खेळण्याच्या प्रकल्प नोंदी

२० जुलै २०२४, शनिवार, सांगली

आषाढी झाली. आता तुळशीच्या लग्नापर्यंत कार्यालयांना फारसं काम नसतं, त्यामुळे विश्रामबागेतल्या एका मंगल कार्यालयाचा वरचा हॉल रविवार सकाळपुरता मिळाला. भाडं नाही, विजेचं तेवढं द्यायचं. कार्यालयाच्या काकांच्या दोन अटी: मधल्या झुंबराला चादर गुंडाळायची आणि निघताना हॉल झाडून द्यायचा.

काय करायचंय ते आधीच लिहून ठेवतो, नाहीतर महिन्याभरात भलतंच काहीतरी करत बसू. ड्रोनने खेळायचा नवा खेळ हवाय. शर्यत नको. मार्च २०१६ मध्ये दुबईत ड्रोनची मोठी शर्यत झाली, अडीच लाख डॉलरचं पहिलं बक्षीस लूक बॅनिस्टर या १५ वर्षांच्या ब्रिटिश पोराच्या संघाने नेलं. तेव्हापासून शर्यती जगभर होतायत, पण त्यातली मजा ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारा गॉगल डोळ्यांवर चढवलेल्याला. बाहेर बसलेल्याला नुसती गुणगुण ऐकू येते आणि पुढे कोण आहे ते पडद्यावर शोधावं लागतं. दक्षिण कोरियातला ड्रोन सॉकर त्या मानाने बघायला बरा: गोल पिंजऱ्यातले ड्रोन, पाच-पाच जणांचे संघ, तीन-तीन मिनिटांचे डाव, आणि ज्याला स्ट्रायकर नेमलंय त्यानेच कड्यातून जाऊन गोल करायचा. एफएआय या जागतिक हवाई क्रीडा संघटनेने त्याला एफ९ए असा वर्गही दिलाय. पण तो बसलेला खेळ आहे. पिंजरे मागवले, नियम छापून घेतले की झालं. त्यात आपण काय केलं?

आपली कसोटी साधी. जेवायला आलेला पाहुणा हॉलच्या दारात उभा राहिला तर त्याला मिनिटाभरात कळलं पाहिजे, कोण बाद झालं ते. सेन्सर, कॅमेरा, संगणकाचा पंच, यातलं काही नको.

२१ जुलै, रविवार

हॉल मोजला. खांब सोडून १५ मीटर लांब, ६ मीटर रुंद अशी मोकळी जागा मिळते. छत साडेचार मीटरवर. पंखे बंद ठेवावे लागणार, म्हणजे घामाची तयारी.

तयार ड्रोन परदेशातून मागवायला फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, सुटे भाग आणता येतात. त्यामुळे सगळे ड्रोन भाचाच जुळवतोय. ७५ मिलिमीटरचा सांगाडा, प्रत्येक पंख्याभोवती प्लास्टिकचं कडं, ४० मिलिमीटरचे चार पंखे, एका सेलची ४५० एमएएचची बॅटरी. कॅमेऱ्यासकट वजन ३५ ग्रॅमच्या आसपास. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचं यंत्र नॅनो गटात बसतं आणि ते उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, म्हणजे शेजारची नववी-दहावीतली पोरं खेळू शकतात. कपाळावर आदळला तर लाल होतं, त्यापलीकडे काही नाही. डोळ्याचं मात्र वेगळं आहे, म्हणून आत उभं राहणाऱ्या प्रत्येकाला वेल्डिंगवाल्याकडचे पारदर्शक चष्मे.

२८ जुलै, रविवार

कृष्णेचं पाणी चढतंय, आयर्विन पुलावर बघ्यांची गर्दी. निम्मी मंडळी आलीच नाहीत. जे आले त्यांनी शेपटीचा खेळ करून पाहिला: प्रत्येक ड्रोनच्या मागे क्रेप कागदाची पट्टी, दुसऱ्याची तोडायची. विमानांच्या छंदात हे जुनंच आहे, तारेला बांधून उडवायच्या विमानांची अशी झुंज जागतिक स्पर्धांत असते. पण ती विमानं पुढे पळतात आणि पट्टी मागे सरळ राहते. आपला ड्रोन जागच्या जागी थांबतो, पट्टी खाली लोंबते आणि स्वतःच्याच पंख्यात जाते. दोन मोटरी जळाल्या. रद्द.

कबड्डीही झाली. चढाई करून परत यायचं. पण धरणार कशाने? रद्द.

४ ऑगस्ट, रविवार

वहिनींनी आज विषय मार्गी लावला. भाचा फरशीवर इन्सुलेशन टेपच्या आडव्या रेघा मारून अंतरं मोजत होता. वहिनी बघत होत्या, म्हणाल्या, ह्या तर पाट्या झाल्या, आट्यापाट्याच खेळा की.

बसतंय. आट्यापाट्यांत बचाव करणारा आपल्या पाटीवरच फिरतो, पुढे-मागे येऊ शकत नाही. चढाई करणाऱ्याने त्याला चकवून एकेक पाटी ओलांडायची, शेवटपर्यंत जायचं आणि परत यायचं. सगळा खेळ हुलकावणीचा. आणि ड्रोनला हुलकावणी जमते, कारण डावीकडे जायच्या आधी तो डावीकडे कलतो. कलला आणि गेलाच नाही, की समोरचा फसला.

खऱ्या मैदानात नऊ पाट्या आणि मधल्या उभ्या रेघेवर फिरणारा सूर असतो. आपल्याला चार पाट्याच परवडतात. पाट्यांमध्ये तीन मीटर, म्हणजे १५ मीटरमध्ये नेमक्या बसतात. सूर सध्या नाही.

बादचा प्रश्न अर्ध्या तासात सुटला, याचंच नवल. दोन ड्रोन एकमेकांना घासले तर कोण कोणाला लागला यावर भांडण होणार हे उघड आहे. म्हणून स्पर्श मोजायचाच नाही. चढाईवाला जमिनीला टेकला की बाद. कसाही टेको: धक्क्याने, घाबरून, जाळीला अडकून, बॅटरी संपून. पाटीवाला पडला तर तो बाद नाही, पण पडलेला असेपर्यंत पाटी मोकळी. त्याने कासव मोड वापरून, म्हणजे मोटरी उलट्या फिरवून, स्वतःच सुलटं व्हायचं. हाताने उचलायचं नाही. दारातल्या पाहुण्यालाही हे कळतं: जो खाली पडला तो गेला.

११ ऑगस्ट, रविवार

आजचा दिवस कामाचा. पाटीवाल्या पायलटने उभं कुठे राहायचं, हा प्रश्न क्षुल्लक वाटत होता. त्यातूनच खेळ सापडला.

पाटीवाल्याला कॅमेरा दिलेला नाही, तो नुसत्या डोळ्यांनी उडवतो. आधी त्याला मैदानाच्या मागे उभं केलं, चढाईवाल्याच्या समोर. आपला ड्रोन पाटीवर डावी-उजवीकडे कुठे आहे ते त्याला नेमकं दिसत होतं, पण पुढे-मागे किती सरकलाय ते कळत नव्हतं. ३५ ग्रॅमचा ठिपका पाच मीटरवरून पाहताना खोलीचा अंदाज येतच नाही. सारखा पाटी सोडत होता आणि रेषेवरचा पंच सारखा ओरडत होता.

मग त्याला त्याच्याच पाटीच्या टोकाला उभं केलं, टेपच्या रेघेत डोळे धरून. आता पाटी सुटणं बंद. तीस सेंटिमीटर रुंदीची पाटी त्याच्या डोळ्यांसमोर सरळ जाते, ड्रोन बोटभर सरकला तरी दिसतो. पण आता उलट अडचण: पाटीवर आपला ड्रोन मध्यावर आहे की पलीकडच्या टोकाला, हे कळेना. समोरून येणारा चढाईवाला आपल्यापासून हातभर आहे की दीड मीटर, तेही कळेना.

भाचा म्हणाला, पाटीवाल्यांनाही कॅमेरा देऊया. मी नको म्हटलं. हाच तर पाटीवाल्याचा आंधळा कोपरा, आणि चढाईवाल्याने नेमका त्यात घुसायचं. पायलटच्या जवळच्या बाजूने गेलात तर तो तुम्हाला स्पष्ट बघतो. लांबच्या टोकाने गेलात तर तो अंदाजाने खेळतो. मग तो हळूहळू आपला ड्रोन लांबच्या टोकाकडे सरकवून ठेवतो, आणि जवळची बाजू उघडी पडते. एकाआड एक पाटीवाले डावी-उजवीकडे उभे केले, की चढाईवाल्याला नागमोडी जावं लागतं.

चढाईवाल्याला मात्र गॉगल. त्याला समोरचं सगळं दिसतं, मागचं काहीच नाही. दोघांचं आंधळेपण वेगळं, म्हणून जुळतं.

कॅमेऱ्याचा कोन शर्यतवाले २५-३० अंश वर ठेवतात, कारण त्यांचा ड्रोन सतत पुढे झुकून पळत असतो. इथे थांबून दबा धरायचा असतो. १० अंशांवर आणला, आता जागेवर थांबलं तरी समोरची पाटी दिसते.

१८ ऑगस्ट, रविवार

बाई आल्या. निवृत्त क्रीडाशिक्षिका, स्वतः आट्यापाट्या खेळलेल्या. खुर्चीत बसून तासभर एक शब्द बोलल्या नाहीत. मग विचारलं, सूर कुठाय? आम्ही जागा, पायलट, बॅटऱ्या अशी कारणं दिली. सुराशिवाय जे खेळता त्याला दुसरं नाव द्या, म्हणाल्या.

सूर पुढच्या वेळी. आज दुसरंच प्रकरण निघालं. वहिनींचा पाटीवाला चढाईवाल्याच्या बरोबर डोक्यावर आला आणि काही न लागता खालचा ड्रोन धपकन जमिनीवर. परत करून पाहिलं, परत तेच. वरच्या पंख्यांचा झोत. हिशेब मांडला: ३५ ग्रॅम वजन हवेत धरायचं आणि चार पंख्यांचं मिळून क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटर, तर हवा पंख्यांतून साधारण साडेपाच मीटर प्रतिसेकंद वेगाने खाली जाते आणि जरा खाली तिचा वेग सिद्धांतानुसार दुप्पट होतो. अशा झोतात सापडलेल्या खालच्या ड्रोनचा दम निघतो, त्याला वर ढकलायला वेळच मिळत नाही.

हे चालवून घ्यायचं का, यावर वाद. बाईंचं म्हणणं सरळ: मूळ खेळात हाताने मारावं लागतं, फुंकर घालून कोणी बाद होत नाही. माझं म्हणणं, हवेतल्या खेळात हवेचा डाव बेकायदा ठरवणं म्हणजे पंचाने हवेवर शिट्टी मारायची. शिवाय ते दिसणार कसं?

भीती एकच होती, की सगळे पाटीवाले वर जाऊन बसतील आणि खाली कुणालाच जगू देणार नाहीत. म्हणून इलेक्ट्रिशियन मित्राने काठीला टिश्यू पेपरच्या पट्ट्या बांधून झोत तपासला. फूटभर खाली पट्टी ताठ फडफडते. मीटरभर खाली बऱ्यापैकी हलते. दोन मीटरवर जेमतेम थरथरते, हवा आजूबाजूला मिसळून गेलेली असते. म्हणजे वर बसून राहणाऱ्याचा खाली काही धाक नाही. झोताने पाडायचं तर खाली उतरावं लागतं, आणि उतरला की त्याच्या डोक्यावरून वाट मोकळी. झोत मान्य. बाईंनी मान हलवली, होकारार्थी होती असं धरून चाललोय.

मग वरची मर्यादाही हवी, नाहीतर चढाईवाले छताला चिकटून जातील. अडीच मीटरवर मैदानाच्या दोन्ही बाजूंनी सारख्या उंचीवर पताकांच्या दोऱ्या (काकांच्या माळ्यावरच्या, फुकट). पंचाने डोळे दोऱ्यांच्या उंचीला येतील एवढ्या उंचावर उभं राहून दोन्ही दोऱ्या एका रेषेत आणायच्या. त्या रेषेच्या वर दिसला तो बाद.

२५ ऑगस्ट, रविवार

तीन चढाईवाले एकदम उडवले आणि एकाच्या गॉगलमध्ये दुसऱ्याचं चित्र. आपला समजून दुसऱ्याचाच ड्रोन चालवायला गेलेला पोरगा थेट जाळीत.

५.८ गिगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यात, म्हणजे ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झमध्ये राहायचं असं आधीच ठरलंय. शर्यतवाल्यांचे आर-७ आणि आर-८ हे चॅनेल त्याच्या वर जातात, ते बाद. मी सुचवलं, ५७४०, ५८००, ५८६०, समान अंतरावर तीन. भाच्याने लगेच हाणून पाडलं. पहिल्या दोन लहरी मिसळल्या की तिसरी भुतासारखी उभी राहते: ५८०० ची दुप्पट वजा ५७४०, उत्तर ५८६०, नेमकं तिसऱ्याच्या डोक्यावर. समान अंतर हीच यातली सगळ्यात वाईट मांडणी. त्याने ५७४०, ५७८०, ५८६० घेतले. आता कुठल्याही दोघांची भेसळ तिसऱ्यापासून किमान ४० मेगाहर्ट्झ लांब पडते. ताकद सगळ्यांची २५ मिलिवॅट. चित्रं स्वच्छ.

म्हणून एका वेळी चढाईवाले तीनच. नियमाचं कारण लहरींत आहे, पण खेळालाही तीन बरे पडतात. एक अडकवतो, दोन निसटतात.

१ सप्टेंबर, रविवार

सूर आला. मधल्या उभ्या रेघेवर फिरणारा पाचवा बचाववाला, पायलट प्रवेशाच्या बाजूला रेघेच्या टोकाशी. पहिल्याच डावात तिन्ही चढाईवाले गारद, सगळे मागून. गॉगलवाल्याला मागचं दिसत नाही आणि सूर मागूनच येतो.

उपाय नियमातून नाही, माणसातून काढला. प्रत्येक चढाईवाल्याला एक हाळीवाला. तो गॉगलवाल्याच्या खांद्याशी उभा राहून उघड्या डोळ्यांनी मैदान बघतो आणि ओरडतो: "सूर मागं! खाली बस, डावीकडनं काढ, काढ काढ!" तसाही गॉगल लावून उडवणाऱ्याजवळ एक उघड्या डोळ्यांचा माणूस असावा, ही सुरक्षेची रीतच आहे. ती आपण खेळात ओढून घेतली.

आणि एवढ्याने खेळ पालटला. ज्यांना ड्रोन हातात धरायची भीती वाटते ते हाळी द्यायला रांग लावतायत. शेजारच्या काकूंचा आवाज खालच्या मजल्यावर जातो. तीन हाळीवाले एकदम ओरडले की कोणाचं कोणाला कळत नाही, म्हणून जोड्या आपापले शब्द ठरवून येतात. एका जोडीने भाज्यांची नावं घेतली आहेत: वांगं म्हणजे डावीकडे, भेंडी म्हणजे वर. विरोधी पाटीवाले तेही फोडणार, कधीतरी.

गणपतीत सुट्टी. हॉलमध्ये महाप्रसाद आहे.

२२ सप्टेंबर, रविवार

पितृपक्ष, नवं काम सुरू करू नये म्हणून बॅटऱ्यांची खरेदी थांबवा, असं आईचं म्हणणं. जुन्यांवर भागवलं.

पूर्ण सामना पहिल्यांदाच झाला. तीन मिनिटांचा डाव, मग बाजू बदलायची. ही तीन मिनिटं बॅटरीने ठरवली. भरलेली असताना ४.३५ व्होल्ट असते, अडीच मिनिटांनी मोटरींना जोर लावला की दबते आणि गॉगलमध्ये आकडा लुकलुकायला लागतो. त्यापुढे ड्रोन उडतो, पण हूल देऊन झटक्यात परतण्याइतका दम त्यात नसतो. आणि नेमका तेव्हाच चढाईवाला शेवटच्या पाटीपलीकडून लोण (म्हणजे मीठ, इथे नुसतं नावाला) घेऊन परत निघालेला असतो. मंदावलेला ड्रोन, चार पाट्या, मागे सूर. प्रत्येक पाटीला एक गुण, लोण घरी आणलं तर जास्तीचे पाच. पाच जास्त होतात का ते बघायचंय.

भाच्याची हूल इथे नोंदवून ठेवण्यासारखी आहे. चढाईवाल्यांना दिवे सक्तीचे केलेत, विमानासारखे डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, म्हणजे पाटीवाल्याला कल वाचता येतो. भाचा पाटीपासून मीटरभर आधी थांबतो. रिमोटची काडी डावीकडे टचकन मारतो आणि सोडतो. लाल दिवा खाली जातो, पाटीवाला तिकडे झेपावतो. तोवर भाच्याचा ड्रोन जागचा हललेलाही नसतो, कारण कललं तरी वेग पकडायला क्षण जातो. मग उजवीकडून निवांत. तीनदा चालली. चौथ्या वेळी वहिनी हलल्याच नाहीत, तो खरंच डावीकडून गेला. बाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. खो-खोत आणि आट्यापाट्यांत पाय वाचतात, इथे दिवे वाचायचे हे त्यांना पटलंय असं दिसतं.

एक तक्रार: पाटीवाला पाटीबाहेर असताना त्याने पाडलं तर? रेषेवरच्या पंचाने "पाटी सुटली" म्हटलं, तर पडलेला चढाईवाला तिथूनच कासव मोडने उठून पुढे खेळेल. त्याचा गेलेला वेळ आणि बॅटरी परत मिळणार नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

बघायला लोक आले, निम्मे काकांचे नातेवाईक. कसोटी घेतली: कोणालाही काही समजावायचं नाही. पडला तो गेला, हे पहिल्याच डावात सगळ्यांनी धरलं. सूर म्हणजे काय, हे वयस्कांना सांगावं लागलं नाही, पोरांना लागलं. उंचीच्या दोऱ्यांचं कोणालाच कळलं नाही, पंचाने बाद दिला की हुर्यो. दोऱ्यांना रंगीत कागद लावून भागेल असं वाटत नाही.

कॅमेरा नसल्यामुळे पाटीवाले चार-पाच ग्रॅमने हलके आहेत आणि जास्त चपळ. चढाईवाल्यांनी समान वजनाची मागणी केली. फेटाळली. पाटीवाला एका रेघेत कोंडलेला आहे, त्याला एवढं तरी असू द्या.

एका मुलीच्या मोकळ्या केसांत ड्रोन गुंतला. कात्री लागली नाही, पण यापुढे आत येणाऱ्याने केस बांधायचे.

२० ऑक्टोबर, रविवार

नियम एका पानावर बसले. वाढवायचे नाहीत, काही घालायचं असेल तर आधी एक काढायचं, असं ठरलंय. भाच्याला लोणासाठी ड्रोनवर छोटा चुंबक आणि मिठाची पुडी हवी होती, शेवटच्या पाटीपलीकडून खरंच उचलून आणायला. दोन ग्रॅमच्या पुडीने ड्रोनचा तोल जातो आणि हॉलभर मीठ सांडतं. झाडायचं आम्हालाच.

दोघंही एकदम पडले तर काय, यावर बाईंचा निकाल: चढाईवाला बाद, आणि पाटीवाला उठेपर्यंत पाटी मोकळी. नवा नियम लागतच नाही, आहेत तेच लावायचे.

लोणाचे गुण पाचावरून तीन. पाच असताना सगळे जण पहिल्या मिनिटात शेवटाकडे पळत होते आणि मधल्या पाट्यांवर कोणी थांबून खेळतच नव्हतं.

१० नोव्हेंबर, रविवार

बुधवारी तुळशीचं लग्न, त्यानंतर हॉल बुक आहे. चादर सोडली, झुंबर शाबूत. टेप खरवडून काढायला रॉकेल लागलं.

पुढची जागा बाईंनी बघितली आहे, एका शाळेची पत्र्याची शेड. दोन बाजूंनी उघडी, म्हणजे वारा येणार. ३५ ग्रॅमला शेडमधला वारा पुरून उरतो. बाजूंना शेतातली हिरवी शेडनेट लावून वारा किती तुटतो ते शनिवारी टिश्यूच्या त्याच काठीने तपासायचं. पत्र्याखाली ५.८ चं चित्र कसं राहतं तेही, कारण पत्रा लहरी परत फेकतो. जमलं तर शेडची रुंदी आठ मीटर आहे, आणि मग पाटीवाल्याचा लांबचा कोपरा आणखी दोन मीटरने लांब जाईल. चढाईवाले खूश आहेत. वहिनी म्हणतात, पाट्याही मग चाराच्या पाच करा.

आणायचं: शेडनेट, बॅटऱ्या दहा, ४० मिलिमीटरचे पंखे, उंच स्टूल एक.